उताऱ्याची परीक्षा : हँगओव्हरवरची गोळी आणि पुराव्याचा इतिहास

औषधांच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण देवी, पटकी, प्लेग अशा मोठ्या रोगांकडे वळतो. आज आपण एक किरकोळ, थोडा लाजिरवाणा आजार घेणार आहोत. रात्री जास्त दारू झाली की सकाळी डोकं ठणकतं, तोंड कोरडं पडतं, अन्नावरची वासना जाते. इंग्रजीतून आलेला ‘हँगओव्हर’ हा शब्द आता सगळीकडे चालतो. त्यावरच्या उपायाला मात्र आपल्याकडे अस्सल मराठी शब्द आहे : उतारा. सातबाराचा नव्हे, दारूचा!

आता प्रश्न असा, की एखादा उतारा खरंच चालतो हे ठरवायचं कसं? ऐकायला सोपा आहे, पण याच प्रश्नाने गेल्या पन्नासेक वर्षांत भल्याभल्या संशोधकांना दमवलं आहे. कसं, ते आपण क्रमाने बघू.

उतारे फार जुने आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या केटोने शेतीवर ग्रंथ लिहिला. मेजवानीत भरपूर प्यायची असेल तर आधी व्हिनेगर घालून कच्चा कोबी खावा, असा सल्ला त्यात आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला चोविसावा अध्याय मदात्ययावर, म्हणजे मद्याच्या अतिरेकातून होणाऱ्या विकारांवर आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पानात्यय, परमद, पानाजीर्ण, पानविभ्रम असे वेगवेगळे प्रकार सांगितले आहेत. म्हणजे नशा वेगळी आणि नंतरचा त्रास वेगळा, हे त्या वैद्यांनी नीट ओळखलं होतं. बेताने दिलेलं मद्यच मदात्ययावर उपाय ठरतं, असंही चरकसंहिता म्हणते. दारूवर दारूचाच उतारा ही कल्पना त्यामुळे काही आजची नाही.

पण उपाय सांगणं एक आणि तपासणं दुसरं. तपासण्याच्या इतिहासात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरने स्कर्व्हीचे १२ रुग्ण घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला संत्री आणि लिंबू मिळालं, ती झपाट्याने बरी झाली. आजच्या भाषेत सांगायचं तर आहारपूरक पदार्थाची ही एक चाचणीच होती. अवघी १२ माणसं, तरी उत्तर मिळालं.

का मिळालं? कारण स्कर्व्ही आपोआप बरी होत नाही. क जीवनसत्त्व मिळालं नाही तर खलाशी मरतो, मिळालं तर उठून कामाला लागतो. हँगओव्हरचं नेमकं उलटं आहे, बरं का. तो काहीही न करता जातो. सकाळी आठला लिंबूपाणी घ्या, ताक घ्या, नाहीतर नुसते पडून राहा. संध्याकाळपर्यंत बहुतेकांना बरं वाटतं. मग श्रेय कुणाला? जे शेवटी घेतलं त्याला! म्हणून प्रत्येक घराचा, प्रत्येक मित्रमंडळाचा एक ‘हमखास’ उतारा असतो, आणि तो खोटा ठरण्याची वेळ कधी येतच नाही.

दुसरी अडचण म्हणजे हा त्रास नेमका कशामुळे होतो, हेच पुरतं उलगडलेलं नाही. १९४८ साली एक मोठा धागा हाती लागला. कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे डायसल्फिरम नावाच्या रसायनाचा जंतांवर उपयोग होतो का, हे बघत होते. ते स्वतःही गोळ्या घेत. मग लक्षात आलं, की गोळी घेतल्यावर थोडी जरी दारू पोटात गेली तरी चेहरा लाल होतो, मळमळतं, धडधडतं. यकृत दारूचं आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करतं आणि मग त्याचाही निचरा करतं. डायसल्फिरम हा पुढचा निचरा अडवतं. यातून दारू सोडवण्याचं औषध निघालं. आणि ‘अॅसिटाल्डिहाइड लवकर घालवा, हँगओव्हर जाईल’ हे सूत्र पुढे अनेक गोळ्यांच्या वेष्टनांवर झळकलं. फक्त एक गोष्ट त्यात बसत नाही. हँगओव्हर अगदी जोरात असतो तेव्हा रक्तातली दारू जवळपास संपलेली असते आणि अॅसिटाल्डिहाइडही बहुतेक गेलेलं असतं.

१९७३ साली डेन्मार्कच्या काही संशोधकांनी ब-६ जीवनसत्त्वापासून बनवलेलं पायरिटिनॉल मोजक्या लोकांवर तपासलं आणि त्रास कमी झाल्याचं नोंदवलं. पण गोळ्यांच्या बाजाराला खरी गती नंतर आली. १९९४ साली अमेरिकेत आहारपूरक पदार्थांचा नवा कायदा झाला. विक्रीआधी सरकारकडे परिणाम सिद्ध करण्याची औषधांवर असलेली सक्ती या पदार्थांना लागू नव्हती. मग दुकानं भरली. ‘आरयू-२१’ नावाची एक गोळी तर सोव्हिएत गुप्तहेरांसाठी शोधलेली आहे, अशा जाहिरातीवर खपत होती.

या वातावरणात दोन चाचण्या झाल्या, त्या आपण शेजारी ठेवून बघू. पहिली २००३ सालची, इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांची. आर्टिचोक या काटेरी भाजीचा अर्क यकृताला चांगला, असा युरोपात समज आहे. १५ स्वयंसेवकांना एकदा खरा अर्क आणि एकदा तशीच दिसणारी पोकळ गोळी, म्हणजे प्लासिबो, दिली. कोणती कधी, हे ना पिणाऱ्याला माहीत ना मोजणाऱ्याला. निष्कर्ष : फरक नाही.

दुसरी २००४ सालची, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. जेफ वीझ आणि सहकाऱ्यांची. इथे तपासला होता फड्या निवडुंगाचा अर्क. आपल्या बांधांवर दिसतो ना, तोच वंश. ६४ निरोगी तरुण माणसं घेतली. पिण्याच्या पाच तास आधी गोळी, मग चार तासांत वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त १.७५ ग्रॅम अल्कोहोल. ६० किलोच्या माणसाला हे १०५ ग्रॅम होतं, म्हणजे ६० मिलिलिटरचे साधारण पाच पेग. दुसऱ्या दिवशी नऊ लक्षणांना प्रत्येकी शून्य ते सहा गुण. दोन आठवड्यांनी गोळ्यांची अदलाबदल करून पुन्हा तेच. ५५ जणांनी दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या.

निकाल काय? मळमळ, तोंडाची कोरड आणि भूक मरणं ही तीन लक्षणं कमी झाली. तीव्र हँगओव्हरची शक्यता साधारण निम्म्यावर आली. दाह दाखवणारं सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन प्लासिबोनंतर ४० टक्के जास्त निघालं. दाहाचा हा धागा महत्त्वाचा होता, कारण अॅसिटाल्डिहाइडच्या पलीकडे बघायला त्याने लावलं. बातमी तेवढीच छापायची तर ‘निवडुंगाने हँगओव्हर पळाला’ असा मथळा सहज झाला असता.

पण तोच निबंध शांतपणे वाचला तर आणखी काही दिसतं. नऊ लक्षणांची एकत्र बेरीज सरासरी २.७ गुणांनीच घटली. गोळीचा काहीच परिणाम नसता तरी एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात सात होती, आणि संशोधनात रूढ मर्यादा आहे पाचची. शिवाय ज्या डोकेदुखीसाठी माणूस गोळी शोधतो, ती त्या तीन लक्षणांत नव्हती. म्हणजे निवडुंग हरला असं नाही, जिंकला असंही नाही. अशा निकालानंतर करायचं काम एकच असतं : वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांनी तीच चाचणी पुन्हा करणं.

नेमकं तेच राहून गेलं. २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक आढावा आला. निकषांत बसणाऱ्या चाचण्या सापडल्या आठ, आणि कोणत्याही उपायाला खात्रीलायक आधार मिळाला नाही. २०२२ साली ‘अॅडिक्शन’ या नियतकालिकात पुन्हा आढावा आला. आता चाचण्या होत्या २१ : लवंगेचा अर्क, लाल जिनसेंग, कोरियन नाशपातीचा रस, असं बरंच काही. सगळ्या मिळून माणसं ३८६. आठ चाचण्यांत एकही स्त्री नव्हती. आणि कोणत्याही दोन चाचण्या एकाच उपायावर नव्हत्या. याचा अर्थ प्रत्येक जण नवा पदार्थ घेऊन येतो, एकदा मोजतो आणि पुढे जातो. विक्री मात्र थांबत नाही. जपानमध्ये २००४ पासून ‘उकोन नो चिकारा’ नावाचं पेय खपतं. उकोन म्हणजे हळद. सांगलीच्या बाजारात जिचे सौदे होतात, तीच.

संशोधकांची एक बाजू इथे मांडायला हवी. या चाचणीत निरोगी माणसाला मुद्दाम आजारी पाडावं लागतं. रात्रभर त्याची जबाबदारी घ्यावी लागते. दारूचा प्रकारही सांभाळावा लागतो. २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात बर्बननंतरचा हँगओव्हर व्होडकानंतरच्यापेक्षा वाईट निघाला, अल्कोहोल सारखंच असूनही. एवढा खटाटोप अशा आजारासाठी, जो संध्याकाळी जातोच. त्याला पैसा कोण देणार? बऱ्याचदा ज्याला गोळी विकायची आहे तोच.

मग कायदा पुढे आला. २०१९ साली फ्रँकफर्टच्या वरिष्ठ न्यायालयाने हँगओव्हर हा आजार आहे, असं ठरवलं. त्यामुळे खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला तो बरा करण्याचा दावा करता येत नाही. २०२० च्या जुलैत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशाच दाव्यांबद्दल सात कंपन्यांना इशारापत्रं पाठवली. दक्षिण कोरियाने २०२५ पासून असा दावा छापायचा तर माणसांवरच्या चाचणीचा पुरावा हवा, असा नियम लागू केला.

या सगळ्याने इतका काय फरक पडतो, असं कुणी विचारेल. एखाद्याने हळदीचं पाणी घेऊन समाधान मानलं तर बिघडलं कुठे? पाण्याने बिघडत नाही. बिघडतं ते गोळी खिशात आहे म्हणून घेतलेल्या दोन जास्तीच्या पेगांनी. समजा उद्या निवडुंगाची गोळी पुन्हा तपासली आणि ती पूर्ण खरी ठरली. तरी ती फक्त सकाळचा त्रास कमी करेल. रात्री गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातली दारू ती उतरवणार नाही, आणि यकृतावर वर्षानुवर्षं साठलेला हिशेबही पुसणार नाही. या चाचण्यांनी ते मोजलेलंच नाही.

म्हणून पुढच्या वेळी वेष्टनावर ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असं दिसलं, की आपण चार साधे प्रश्न विचारूया. किती माणसांवर? कशाशी तुलना करून? नेमकं काय मोजलं? आणि दुसऱ्या कुणी पुन्हा करून पाहिलं का? हँगओव्हरच्या गोळ्यांपैकी बहुतेक या चौथ्या प्रश्नावर अडतात. केसांच्या तेलापासून गुडघेदुखीच्या चूर्णापर्यंत हेच चार प्रश्न उपयोगी पडतात. आता तुमचे प्रश्न घेऊ.