पाणी पाहून तंबू

बंगळुरूत उल्सूर तलावाला लागूनच आमच्या मद्रास सॅपर्सचं सेंटर आहे. संध्याकाळी तिकडे एक फेरी होते. पाण्यावर बोट दिसली की मन तिथे थांबत नाही, थेट पँगाँगला जातं.

२६ डिसेंबर २०२४ रोजी पँगाँगच्या काठावर, १४,३०० फुटांवर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. त्या आठवड्यात गावाकडून बरेच फोन आले. काका म्हणाले, "तू तिथे तंबूत राहिलायस ना रे? कसं आहे तळं?" त्याच सुमारास काही निवृत्त अधिकारी आणि काही लडाखी मंडळी विचारत होती, की इथे जोरावरसिंगांचा पुतळा का नाही? महाराजांना त्या काठावर पाहून ऊर भरून आला, हे खरं. पण दुसरा प्रश्नही मला रास्त वाटला. निदान हा जोरावरसिंग कोण, हे तरी आपल्याला माहीत असावं.

आधी काकांचं उत्तर. तळं सुमारे १३४ किलोमीटर लांब आहे, रुंदी मात्र कुठेही पाच-सहा किलोमीटरच्या पलीकडे जात नाही. साधारण एक तृतीयांश भाग आपल्याकडे, उरलेला तिबेटात. पाणी बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते मचूळ झालंय. एवढा जलाशय समोर असून चहाला पाणी नाही! गोडं पाणी मिळतं ते डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यांचं. नाला तळ्याला मिळतो तिथे गाळाचा आणि गोट्यांचा पंखा पसरलेला असतो. सपाट जागाही तिथेच. म्हणजे तंबू ठोकायला जागा तीच, आणि दोन्ही बाजूंचे डोंगर तिच्या डोक्यावर. मेंढपाळ असो, व्यापारी असो की फौज, मुक्काम तिथेच पडतो. १८६३ मध्ये गॉडविन-ऑस्टिनने या भागाची मोजणी केली, तेव्हाही त्याला याच गोड्या पाण्याच्या हिशेबाने चालावं लागलं असणार.

माझ्या पहिल्याच मुक्कामात मी नाल्याच्या अगदी कडेला तंबू लावले. सकाळी त्या नाल्यात घोटा बुडेल एवढंही पाणी नव्हतं. खडकवासल्याला असताना कॅम्प तोरणात शिकवलेलं सगळं पाठ होतं, पण सह्याद्रीचा ओढा पावसाने चढतो आणि इथला उन्हाने, हे कोणी सांगितलं नव्हतं. दिवसभर वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचायला संध्याकाळ होते. सहा वाजता आमची बुखारी आणि दोन स्लीपिंग बॅगा पाण्यात होत्या. मेराककडचा एक म्हातारा बाप्या दुपारीच हातवारे करून काहीतरी सांगत होता. आम्ही त्याला बिस्किटं दिली आणि वाटेला लावलं. जवान तोंडावर हसले नाहीत, पण ती गोष्ट पुढे वर्षभर लंगरमध्ये फिरत होती.

हे फजितीवर निभावलं. १८४२ मध्ये एका सैन्याचं निभावलं नाही. जोरावरसिंग हा जम्मूच्या गुलाबसिंगांचा सेनापती. लडाख जिंकून १८४१ मध्ये तो तिबेटात शिरला, रुदोक घेतलं आणि मानसरोवराच्या पलीकडे तकलाकोटपर्यंत धडकला. हिवाळ्याने परतीच्या खिंडी बंद केल्या. हात शेकायला जवानांनी बंदुकांचे दस्ते जाळले, असं कनिंगहॅमने नोंदवून ठेवलंय. डिसेंबरात जोरावरसिंग लढता लढता पडला. पुढच्या वर्षी तिबेटी फौज लेहपर्यंत आली. जम्मूहून कुमक पोचल्यावर ती मागे सरकली आणि पँगाँगच्या अलीकडे, तांगत्सेच्या बाजूच्या एका खोऱ्यात भक्कम मोर्चे बांधून बसली. डोग्र्यांनी समोरून डोकी फोडत न बसता ओढ्याला बांध घातला आणि पाणी छावणीत सोडलं. छावणी शरण आली. सप्टेंबर १८४२ मध्ये तह झाला. सॅपर म्हणून मला ही लढाई फार आवडते. आपल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यासाठी आधी पाणी पाहायला सांगितलंय आणि एकाच झऱ्यावर भिस्त ठेवू नये असंही बजावलंय. पाणी वरून कोणाच्या हातात आहे, हे डोंगरातल्या माणसाला पाहावंच लागतं.

सिरिजापची गोष्ट मात्र मला आवडीने सांगता येत नाही. १९६२ मध्ये उत्तर काठावर १/८ गोरखा रायफल्सचं हे ठाणं उभं राहिलं. चिन्यांनी लगेच त्याच्या तिन्ही बाजूंना आपली ठाणी बसवली. चौथ्या बाजूला तळं. मग शिधा, दारूगोळा, आजारी जवान, सगळं बोटीने. नकाशावर ही व्यवस्था बरी दिसते. पण त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. बोटीचं इंजिन त्या हिशेबाने दमतं. दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात, आणि पाण्यावर आडोसा म्हणून काही नसतो.

२० ऑक्टोबरच्या पहाटे तोफा आणि मॉर्टर सुरू झाले. मेजर धनसिंग थापांकडे अठ्ठावीस जवान. समोर सुमारे सहाशे. सुभेदार मिनबहादूर गुरुंग ढिगाऱ्याखाली गाडले गेले, तिथून निघून पुन्हा लाइट मशीनगनवर बसले आणि तिथेच पडले. दोन हल्ले परतवले. तिसऱ्याला रणगाडे आले. वायरलेस आधीच बंद पडला होता. बटालियनने खबर काढायला दोन स्टॉर्म बोटी पाठवल्या. एक बुडाली. दुसरी, नाईक रबिलाल थापांची, मार खात परतली. त्यांना महावीरचक्र मिळालं. त्या बोटीने आणलेली बातमी होती, की सिरिजापवर कोणी वाचलं नाही.

मेजर थापा जिवंत होते. गोळ्या संपल्यावर ते खुकरी घेऊन खंदकाबाहेर पडले होते आणि कैद झाले होते. इकडे त्यांना परमवीरचक्र मरणोत्तर म्हणून जाहीर झालं. घरच्यांनी अंत्यविधी उरकले. १९६३ च्या मे महिन्यात ते परत आले, तेव्हा त्यांच्या पत्नीने कित्येक महिने वैधव्यात काढले होते. पुन्हा लग्नाचे विधी करावे लागले, असं सांगतात. पुढे ते लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि २००५ मध्ये गेले.

ठाणं तिथे का बसवलं, हे विचारणं सोपं आहे. दुसरीकडे बसवायला सपाट जागा आणि गोडं पाणी होतं का, हे नकाशा घेऊन मी कितीतरी वेळा पाहिलंय. फारसं नव्हतं. चूक असेल तर ती तळ्याच्या भरवशावर ठाणं तोलण्याची, आणि तो निर्णय त्या अठ्ठावीस जणांचा नव्हता.

आता स्पांगमिकला पर्यटकांचे तंबू असतात. 'थ्री इडियट्स'चा शेवट या तळ्यावर झाल्यापासून गर्दी वाढली. तुम्ही गेलात तर नाल्यापासून थोडा वरचा तंबू मागून घ्या. सिरिजाप तिकडे पूर्वेला, उत्तर काठावर. १९६२ पासून ते चीनच्या ताब्यात आहे.