खांद्यावरचं मेंढरू: गोव्याच्या हस्तिदंती मेंढपाळाची कुळकथा

हस्तिदंतात कोरलेला वीत-दोन वीत उंचीचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावर बसलेलं एक मूल. अंगात आखूड अंगरखा, त्यावर लोकरीचे पुंजके एकेक करून कोरलेले. पायात वहाणा, कमरेला पाण्याची तुंबी. एक कोकरू खांद्यावर, दुसरं मांडीवर. पायावर पाय टाकलेला, गाल हाताच्या बोटांवर टेकलेला आणि डोळे मिटलेले. मुलाच्या पायांखाली डोंगराचे टप्पे सुरू होतात. एका टप्प्यावर झरा फुटतो, त्यावर पाणी प्यायला पक्षी आणि मेंढरं जमतात. अगदी तळाशी एक गुहा, आणि गुहेत पोथी घेऊन आडवी पडलेली एक बाई. तिच्याजवळ कवटी. कडेला बहुधा सिंह.

सतराव्या शतकात गोव्यात अशा मूर्ती मोठ्या संख्येनं घडल्या. पोर्तुगीज त्यांना ‘बॉम पास्तोर’ म्हणत, म्हणजे उत्तम मेंढपाळ. मूल म्हणजे बाळ येशू, गुहेतली बाई म्हणजे येशूची अनुयायी मरीया मग्दालीया. आज लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत त्या काचेआड दिसतात. मूर्ती ख्रिस्ती आहे यात शंका नाही. पण तिचं कूळ शोधत मागे गेलं, तर वाट ख्रिस्ताच्याही मागे जाते. आणि त्या वाटेवर एक भांडण पुन्हा पुन्हा भेटतं: खांद्यावरचं हे मेंढरू नेमकं कोण?

मेंढपाळ ही मुळात राजाची पदवी. बाबिलोनचा हम्मुराबी आपल्या कायद्याच्या शिलालेखात स्वतःला प्रजेचा मेंढपाळ म्हणवून घेतो. इस्राएली लोकांनी ती पदवी देवाला दिली. बायबलमधलं २३वं स्तोत्र त्यातलं सगळ्यांत परिचित; मराठी ख्रिस्ती घरांत आजारपणात आणि अंत्यविधीच्या वेळी आजही ते हमखास म्हटलं जातं. पुढे इ.स.पू. सहाव्या शतकात, यहुदी लोक बाबिलोनच्या बंदिवासात असताना, यहेज्केल संदेष्ट्यानं राजांची चांगलीच हजेरी घेतली. हे मेंढपाळ स्वतःच चरतात आणि कळप वाऱ्यावर सोडतात, तेव्हा आता देव जातीनं हरवलेलं शोधायला आणि मोडलेलं बांधायला निघेल, असं तो सांगतो.

येशूनं हीच गोष्ट दोन अंगांनी सांगितली. लूकच्या शुभवर्तमानात शंभर मेंढरांतलं एक हरवतं. मेंढपाळ नव्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या मागे जातो आणि सापडल्यावर त्याला खांद्यावर घालून आणतो. योहानाच्या शुभवर्तमानात भर ओळखीवर आहे. मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावानं हाक मारतो, मेंढरं त्याचा आवाज ओळखून मागे चालतात, आणि वेळ आली की तो त्यांच्यासाठी जीव देतो. आपल्याला कळपातली सगळी मेंढरं सारखीच दिसतात. धनगराला मात्र लंगडी कोणती, गाभण कोणती, कालपासून चरत नाही ती कोणती, हे न मोजता कळतं. येशूनं सांगितलेली ओळख ही अशी आहे.

पुरतं ओळखलं जाणं ही एरवी धास्तीची गोष्ट. सावकार आपल्याला ओळखतो, भाऊबंदकी ओळखते, चावडी ओळखते; आणि त्या ओळखीचा उपयोग बहुतेक वेळा आपल्याविरुद्धच होतो. सगळं ठाऊक असूनही जो हाकलत नाही, उलट शोधायला येतो, त्याची ओळख मात्र आधार वाटते. ख्रिस्ती श्रद्धेतला हा दिलासा, आणि त्याला पहिलं चित्ररूप मिळालं ते मेंढपाळाचं.

चित्र मात्र उसनं होतं. खांद्यावर जनावर घेतलेला पुरुष ग्रीकांच्या चांगल्या ओळखीचा होता. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर १८६४मध्ये सापडलेला ‘वासरूवाहक’ इ.स.पू. ५६०च्या सुमाराचा आहे. वासराचे पाय छातीशी धरून तो देवीच्या वेदीकडे निघालेला आहे. तानाग्रा गावात हर्मीस देवानं खांद्यावर एडका घेऊन वेशीभोवती फेरी मारली आणि साथ हटवली, अशी आख्यायिका ग्रीक प्रवासी-लेखक पॉसेनियस नोंदवतो. रोमन काळापर्यंत हे चित्र दयाळूपणाचं आणि निवांत रानजीवनाचं चिन्ह होऊन शवपेट्यांवर सर्रास कोरलं जाऊ लागलं. ख्रिस्ती लोकांनी त्याच कारागिरांकडून तेच चित्र घेतलं. अर्थ मात्र उलटा झाला. वासरूवाहकाच्या खांद्यावरचं जनावर बळी जायला निघालेलं होतं. ख्रिस्ती मेंढपाळाच्या खांद्यावरचं घरी निघालेलं आहे, आणि जीव देणार आहे तो मेंढपाळ.

हा दिलासा त्या काळी लोकांना कसा लागत होता, याच्या दोन खुणा उरल्या आहेत. पहिली दगडावर. आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिगिया प्रांतात अबर्सियस नावाच्या माणसानं आपल्या थडग्यावरचा लेख स्वतःच्या हयातीत लिहवून घेतला. पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅमसे यांना १८८३मध्ये त्याचे तुकडे सापडले. त्यात अबर्सियस स्वतःला एका शुद्ध मेंढपाळाचा शिष्य म्हणवतो, आणि त्या मेंढपाळाचे डोळे मोठे असून ते सगळीकडे पाहतात, असं सांगतो. दुसरी खूण तुरुंगातली. कार्थेज शहरात २०३ साली पर्पेतुआ नावाची तरुण आई ख्रिस्ती असल्याबद्दल कैदेत होती. अंगावर पिणारं मूल होतं, पुढे रिंगणातला मृत्यू होता. कोठडीत पडलेलं स्वप्न तिनं सांगून ठेवलं आहे. एका मोठ्या बागेत पांढऱ्या केसांचा उंचापुरा मेंढपाळ मेंढ्यांची धार काढत बसला होता. त्यानं मान वर करून तिचं स्वागत केलं, तिला लेकरू म्हटलं आणि दुधाच्या चीजचा घास हातावर ठेवला. जाग आली तेव्हाही तोंडात गोडवा होता.

त्याच कार्थेजमध्ये दहा-पंधरा वर्षांत भांडण पेटलं. व्यभिचारासारखं मोठं पाप करून पस्तावलेल्या ख्रिस्ती माणसाला मंडळीत परत घ्यायचं की नाही? परत घ्या म्हणणारे हरवलेल्या मेंढराचा दाखला देत. त्यांच्या विधीच्या पेल्यांवर मेंढपाळाचं चित्रही असे. टर्टुलियन हा त्या काळचा मोठा लेखक आणि कडक शिस्तीचा माणूस. त्यानं त्या पेल्यांची खिल्ली उडवली. त्याचं म्हणणं असं, की हरवलेलं मेंढरू म्हणजे देवाला अजून न ओळखणारा परधर्मीय. एकदा कळपात आल्यावर जाणूनबुजून बाहेर गेलेल्याला ही गोष्ट लागू नाही. म्हणजे दिलासा होता, पण एकदाच.

चित्रकारांनी हा युक्तिवाद मनावर घेतलेला दिसत नाही. रोमच्या प्रिसिला भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकात छतावर काढलेला मेंढपाळ नीट पाहावा. त्याच्या खांद्यावर मेंढरू नसून बकरं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे उभी केली जातात, आणि डावीकडच्यांची गत वाईट होते. इथे डावीकडचं जनावरच खांद्यावर चढलेलं आहे. रोमन नमुन्यात बकरं होतं म्हणून ते इथे आलं असेल. पण मेलेल्या आप्ताला तिथे ठेवून परतणाऱ्याला त्या चित्राखालून काय वाटलं असेल, हे सांगायला पंडित लागत नाही. सीरियात युफ्रेटीसकाठच्या दुरा-युरोपोस गावात एका घराचं प्रार्थनाघर केलेलं होतं. तिथे बाप्तिस्म्याच्या कुंडावर हाच मेंढपाळ रंगवलेला होता आणि त्याच्या पायाशी आदाम-हव्वा. २५६ साली इराणी फौजेनं गाव उद्ध्वस्त केलं. चित्र मातीखाली राहिलं म्हणून वाचलं. आज ते अमेरिकेत येल विद्यापीठाकडे आहे.

पुढे रोमन सम्राटच ख्रिस्ती झाले आणि मेंढपाळाला राजवस्त्रं चढली. इटलीतल्या रावेन्ना शहरी सम्राज्ञी गाला प्लाचिदियाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पाचव्या शतकातल्या समाधीत तो दारावर दिसतो. अंगात सोनेरी झगा, हातात क्रूस, भोवती शिस्तीत मांडलेली मेंढरं. खांदे मोकळे. त्यानंतर युरोपात सिंहासनावरचा ख्रिस्त पुढे आला आणि खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण जवळजवळ दिसेनासा झाला.

तो पुन्हा डोकं वर काढतो ते सोळाव्या-सतराव्या शतकांत, स्पेन-पोर्तुगालच्या कॅथलिक भक्तीत, आणि आता तो मूल झालेला असतो. स्पॅनिश चित्रकार मुरिल्योनं १६६०च्या सुमारास रंगवलेला बाळ मेंढपाळ माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. याच भक्तीच्या लाटेबरोबर तो जहाजानं गोव्याला आला.

गोव्यात त्याला हस्तिदंत मिळालं. ते बव्हंशी आफ्रिकेचं. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज गलबतं ते आणत. हत्तीचा दात वर निमुळता, खाली रुंद. एका दातात उभी रचना करायची तर माथ्यावर छोटी मूर्ती आणि खाली पसरत जाणारा डोंगर हा आकार सोयीचा. घडवणारे हात इथलेच होते. चर्चच्या आणि राज्याच्या अधिकाऱ्यांना परधर्मीयांनी ख्रिस्ती मूर्ती घडवणं खटके, मनाईही निघे. पण कसब होतं ते इथल्या कारागिरांकडेच. नावानं हाक मारणाऱ्या मेंढपाळाच्या या मूर्तींवर घडवणाऱ्याचं नाव सहसा सापडत नाही.

या हातांनी एक बदल केला. स्पेनमधला बाळ मेंढपाळ टक्क डोळ्यांनी आपल्याकडे पाहतो. गोव्याचा डोळे मिटून बसतो. काही अभ्यासकांना त्यात ध्यानस्थ बुद्ध दिसतो. काहींच्या मते ही बायबलच्या गीतरत्नातली कल्पना आहे: शरीर निजलेलं, पण हृदय जागं. मला दोन्ही खरं वाटतं. पाद्र्यानं गीतरत्न सांगितलं असेल आणि कारागिराच्या बोटांना ध्यानमुद्रा आधीच येत असेल. अबर्सियसचा मेंढपाळ मोठ्या डोळ्यांनी सगळीकडे पाहत होता. गोव्याच्या मेंढपाळाला पाहावंही लागत नाही. खांद्यावरचं आणि मांडीवरचं कोकरू त्याला स्पर्शानं ठाऊक आहे.

याच गोवा शहरात १५६० साली इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मचौकशीचं, न्यायालय बसलं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२पर्यंत चाललं. लोकांना आतून-बाहेरून ओळखणं हेच त्याचंही काम. बाटलेल्या घरात कोण चोरून जुने सण करतं, कोण जुनी रीत पाळतं, याच्या चुगल्या तिथे जमा होत आणि दप्तरात चढत. एक ओळख शिक्षा करण्यासाठी, दुसरी घरी आणण्यासाठी. दोन्हींचा कारभार एकाच धर्माच्या नावानं, एकाच नगरात. त्याच काळात दुसरी वाटही चालत होती. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि सासष्टीत राहिले. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापून निघालं. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना पुराण हवं होतं, ते त्यांनी मराठी ओवीत दिलं. हस्तिदंताच्या कारागिरांनी जे छिन्नीनं केलं, तेच काम या इंग्रज जेजुइटानं ओवीनं केलं. धाक दाखवणाऱ्या सत्तेनं जे साधलं नाही, ते या दोन्ही कामांनी साधलं, असं माझं मत आहे.

आता पुन्हा टर्टुलियनच्या प्रश्नाकडे. मूर्तीच्या तळाशी मग्दालीया का असते? पाश्चात्त्य चर्चनं सहाव्या शतकापासून, पोप ग्रेगरीच्या प्रवचनानंतर, तिला पस्तावलेली पापी बाई मानलं. बायबलमध्ये तिच्याबद्दल असं कुठे म्हटलेलं नाही, आणि १९६९मध्ये कॅथलिक चर्चनं आपल्या पंचांगात ही गल्लत दुरुस्तही केली. पण सतराव्या शतकातल्या भाविकाच्या लेखी ती चुकून परतलेल्या माणसाची खूण होती. झरा डोंगराच्या माथ्याखाली फुटतो आणि पाणी तिच्या गुहेच्या दिशेनं उतरतं. खांद्यावर जे मेंढरू आहे, तेच तळाशी माणूस होऊन पोथी वाचत आहे.

मेंढपाळाच्या चित्राला एक शुद्ध कूळ नाही. पदवी बाबिलोनची, गोष्ट येशूच्या गालिलाची, ठेवण ग्रीसची, बालरूप स्पेनचं, दात आफ्रिकेचा आणि हात गोव्याचा. एवढ्या घरांतून फिरून आलेल्या या चित्रात एकच गोष्ट टिकली: मेंढराची लायकी कुणी विचारलेली नाही. टर्टुलियनची तर्कशुद्ध भाषा आजही वाचण्यासारखी आहे. पण ज्या पेल्यांची त्यानं थट्टा केली, त्यांच्यावरचं चित्र चौदाशे वर्षांनी गोव्यात मांडवीकाठी कोरलं जात होतं. तो वाद टर्टुलियन हरला, आणि ते बरं झालं.