किल्ला तर सगळ्यांनाच दिसतो

मार्च १७३७. तुम्ही अंजूरमध्ये आहात. भिवंडीची गोदामं, अंजूर फाट्यावरची ट्रकची रांग, यातलं काहीच नाही. भातकापणी कधीच उरकली, शेतं भेगाळलीत, खाडीवरच्या वाऱ्यानं ओठ खारट झालेत.

पलीकडे साष्टी, पोर्तुगिजांची. ती सोडवावी म्हणून इथले गंगाजी नाईक अंजूरकर वर्षानुवर्षं खटपट करताहेत, पेशव्यांचे उंबरे झिजवताहेत. पुढे साष्टीच्या बखरीत ती हकिकत येईल. पण आता वेळ दवडून चालणार नाही, कारण ठाण्याचा नवा किल्ला अजून अर्धवट आहे. बांधून पुरा झाला, की साष्टीत शिरणं अवघड.

काठावर एक नावाडी दोर आवळतोय. ओल्या काथ्यानं त्याची बोटं सोललीत. तुम्ही विचारता, ‘किल्ल्याची खबर कोणी आणली?’

‘कोनी आनली म्हंजे? किल्ला त सगल्यांनाच दिसतो.’

रोमच्या तत्त्वज्ञ सेनेकानं मित्र ल्युसिलियसला पत्रं लिहिली, त्यांत हेच आहे: जे सगळ्यांना दिसतं, ते कुणा एकाचं नसतं. तो स्टोइक पंथाचा, तरी विरोधी पंथाच्या एपिक्युरसचे विचार बिनदिक्कत घेतो. खरं ते सर्वांचं, म्हणून माझंही. आणि पुढच्यांना शोधायला पुष्कळ उरलंय, हेही सांगतो. शंभरेक वर्षांनी मार्कस ऑरेलियस, सम्राट असून, स्वतःला बजावतो: नाव घेणारेही मरणारच, मग नावाचा सोस कशाला?

इथं माझं मन मार्कसच्या मागे पुरतं जात नाही. याच मोहिमेत पुढे पोर्तुगिजांची वसई पडली, आणि वसई म्हटलं की पेशव्यांचे भाऊ चिमाजीअप्पा आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण गंगाजी नाईक किती जणांना ठाऊक आहेत? सोललेल्या बोटांच्या या माणसाचं नाव तर कुठल्याच कागदावर नाही. स्वतः कीर्तीची हाव धरू नये, हे मान्य. दुसऱ्याचं श्रेय विसरायला मात्र त्यानं मोकळीक मिळत नाही. खबर सगळ्यांची होती, तर तिच्यामुळे मिळालेला जयही सगळ्यांचा.

ठाणं याच महिन्यात पडेल. वसईला मे १७३९ उजाडेल. मधली दोन वर्षं फार माणसं खातील. त्यांतली कोण, हे आज इथं कुणालाच माहीत नाही. पाणी चढू लागलंय, होडी गाळातून सुटत नाहीये, आणि नावाडी तुमच्यावर खेकसतो, ‘बघत काय ऱ्हायलास? हात लाव!’