पांढऱ्यावर काळे



"कामगार संघटनेचा माणूस हातकागदावर आणि सुलेखनावर काय बोलणार?" टेंभुर्णीत पाऊल ठेवताच एका स्नेह्याने आम्हांला हा प्रश्न विचारला. प्रश्न वाजवी आहे. आमचा जन्म मोर्चात आणि वाटाघाटीत गेला. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला. सुटीत घरोघरी मुले जुन्या वह्यांचा लगदा करून कागद करतात, त्यावर बोरूने नाव काढतात आणि ते मित्राला भेट देतात. हा विरंगुळा उत्तमच. परंतु आज जो विरंगुळा आहे, तो काल कुणाच्या तरी पोटाचा धंदा होता. आणि ज्यांचा तो धंदा होता, त्यांना विरंगुळा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. ही उलटापालट कशी झाली, एवढेच आज पाहावयाचे आहे.

कागद मूळचा चीनचा. इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने साली, चिंध्या आणि जुनी जाळी कुटून कागद करण्याची रीत सम्राटापुढे मांडली, असे चिनी इतिहास सांगतो. पुढे आठव्या शतकात ही विद्या समरकंदला पोहोचली, आणि तेथून इराण-अरबस्तानात पसरली. 'कागद' हा आपला शब्दही फारसीतूनच आला. तोवर आपल्याकडे ताडपत्र, भूर्जपत्र आणि राजाज्ञेसाठी ताम्रपट यांवर काम भागत असे.

आमच्या मराठवाड्यात या धंद्याचे नाव निघाले की कागजीपुऱ्याचे नाव निघते. येथून पश्चिमेस, दौलताबादहून खुलदाबादकडे जाताना वाटेवर हे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलविली, तेव्हा दरबाराबरोबर कागदाचे कारागीरही आले आणि येथे वसले, अशी तेथील परंपरा आहे. राजधानी थोड्याच वर्षांत परत गेली. कारागीर मात्र राहिले. सुलतानांची लहर इतिहासाच्या पानापानांवर आहे. ती पाने ज्यांनी केली, त्यांची नावे कुठेच नाहीत.

तो कागद कसा होत असे? जुने कापड, तागाची-अंबाडीची फाटकी पोती, झिजलेले दोर हा कच्चा माल. म्हणजे जगाने टाकलेले तेच कागद्याचे धन. ते चुन्याच्या पाण्यात दिवसच्या दिवस भिजवायचे, मग पायाने दाबायच्या जड मुसळाखाली कुटायचे, धुवायचे, पुन्हा कुटायचे. झालेला लगदा हौदातल्या पाण्यात सोडायचा. हौदाच्या काठी बसलेला माणूस काड्यांची बारीक चटई चौकटीवर ताणून पाण्यात बुडवी आणि समतोल वर उचली. पाणी गळून जाई, चटईवर तंतूंचा पातळ थर उरे. हाताला जरासा हिसका बसला की एका कडेस जाड आणि एका कडेस विरळ! असे ताव एकावर एक रचून दाबायचे, भिंतीवर चिकटवून वाळवायचे, खळ द्यायची, आणि शेवटी शंखाने किंवा गुळगुळीत दगडाने घोटायचे. खळ नसली तर शाई पसरते. घोटाई नसली तर बोरू अडखळतो. दिवसभर हात पाण्यात, कंबर वाकलेली, पाय मुसळावर. घरातली बायामाणसेही याच कामाला जुंपलेली. याला कुणी छंद म्हटले असते, तर त्या कारागिराला हसू आले असते.

हा 'दौलताबादी' कागद दूरवर जाई. जुन्नरासही कागद होत असे. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा हे नाव अजून त्या धंद्याची साक्ष देते. पेशवाईच्या दप्तरांतील सनदा, हिशेब आणि पत्रे दौलताबादी-जुन्नरी कागदांवर मोडीत लिहिलेली आहेत. त्या चिंध्यांच्या कागदाने शतके सोसली, आणि आमच्या शाळेची गिरणीतल्या कागदाची पुस्तके आमच्या डोळ्यांदेखत पिवळी पडून तुटली.

आता अक्षराकडे वळू. समर्थ रामदास आपल्या जालना जिल्ह्यातले. १६०८ मध्ये जांब येथे त्यांचा जन्म झाला. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू, सुरी, कातरी आणि शाई यांची इतकी बारीक चौकशी पाहून आम्ही प्रथम चकितच झालो. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर एकाच टाकाने काढल्यासारखे दिसावे. भोवती समास सोडावा, म्हणजे कड झडली तरी अक्षर झडत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही. हे सारे कसलेल्या कारागिराचे बोलणे आहे. परंतु याच समासात बाळबोध अक्षर घडविण्याची ही शिकवण ब्राह्मणाला उद्देशून आहे. लेखणी मोजक्या हातांत होती. ज्याने मुसळावर पाय मारून कागद केला, ज्या कुणब्याच्या शेताचा सारा त्यावर चढला, त्यांच्यापैकी बहुतेकांना त्यावरचे एक अक्षरही लागत नव्हते. पांढरे करणारे निराळे आणि पांढऱ्यावर काळे करणारे निराळे, हा खरा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांचा कागद स्वस्त झाला आणि हातकागद मागे पडला. १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत कागदाचे प्रयोग चालले. पुण्यास १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. भारतीय संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली, ती याच पुण्याच्या हातकागदावर. इकडे कागजीपुऱ्यातही मोजक्या घरांनी आमच्या काळापर्यंत हे काम टिकवून धरले.

आता थोडे आमच्याविषयी. आमची शाळा सातवीत सुटली. विशीत आम्ही एका कारखान्यात लागलो. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे आमच्या एका सोबत्याचा उजवा हात यंत्रात सापडला. भरपाईचा कागद म्हणून त्याच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. आम्ही शेजारीच उभे होतो. कागद इंग्रजीत होता. आम्ही तो पाहिला, पण वाचू शकलो नाही. पुढे कळले, ती स्वखुशीने काम सोडल्याची चिठ्ठी होती. त्या रात्रीपासून आम्ही वाचायला बसलो, ते अजून उठलो नाही.

अक्षर काढायला शिकलो ते संपाच्या फलकांवर. फलकाचे अक्षर रस्त्याच्या पलीकडून दिसले पाहिजे, म्हणून अंतर, जाडी, समास हे सारे आपोआप कळू लागले. कमल शेडग्यांनी काढलेली नाटकांची नावे वर्तमानपत्रांतून कापून आम्ही वहीत चिकटवीत असू. एकच 'क' किती तऱ्हांनी उभा राहू शकतो, हे त्यांनी आम्हांला दाखविले. पुढे संघटनेच्या खोलीत आम्ही रविवारचा वर्ग काढला.

रविवारच का? कारण रविवारही फुकट मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. तोवर कामगाराच्या हाताला काम होते, पण स्वतःचा असा एक दिवस नव्हता.

त्या वर्गात जुन्या हस्तपत्रकांचे तुकडे रात्रभर भिजत घालीत असू. सकाळी ते कुटून लगदा, मग घमेल्यात पाणी. दोन सारख्या लाकडी चौकटी, एकीवर मच्छरदाणीची जाळी ताणलेली. ताव उचलून जुन्या धोतराच्या तुकड्यावर उलटा करायचा, वर फळी आणि दगड, मग सावलीत वाळवायचा. तांदळाची पातळ खळ, आणि वाटीच्या बुडाने घोटाई. काजळीत बाभळीचा डिंक घोटला की शाई. खर्च जवळजवळ शून्य. लागतो तो वेळ.

आमचा तो सोबती या वर्गाला येई. डाव्या हाताने बोरू धरायला त्याला कित्येक महिने लागले. एका दिवाळीला त्याने आम्हांला एक ताव दिला. ताव एका कडेस जाड होता. मधोमध त्याने स्वतःचे नाव लिहिले होते, आणि भोवती चांगला रुंद समास सोडला होता. आमच्या घरात चौकटीत बसविलेला कागद तेवढा एकच आहे.

तेव्हा बंधूंनो, मुलांना हा छंद जरूर लावा. लग्नाची पत्रिका, वाढदिवसाचे शुभेच्छापत्र, आजीच्या ओव्यांची वही घरच्या कागदावर घरच्या अक्षरात होऊ द्या. परंतु हातकागद विकत घ्याल, तेव्हा घासाघीस करू नका. आपण एक ताव करून पाहिला, की शंभर तावांची मजुरी किती असावी याचा अंदाज आपोआप येतो. कागद आणि छंद यांत फरक कामाचा नाही. वेळ कुणाच्या मालकीची, एवढाच तो फरक आहे.

संविधानाचे त्रेचाळिसावे कलम घरी जाऊन वाचा. कामगाराला निर्वाहापुरते वेतन असावे, फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, असे ते सांगते. आणि त्याच वाक्यात खेड्यांतील कुटिरोद्योग वाढविण्याचेही सांगते. पोट आणि विरंगुळा त्या लिहिणारांनी वेगळे केले नाहीत. ते पांढऱ्यावर काळे झालेले आहे. अंगठा उठविण्याऐवजी ते वाचणे, आणि वाचलेले मागणे, एवढे आपले काम शिल्लक आहे.