नागपूर विद्यापीठ परिसरातील बांधकाम व त्याचा निधी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या नागपूर शहरातील विविध परिसरांमध्ये १९२३ पासून झालेली बांधकामे व नूतनीकरणे देणग्या, शासकीय अनुदान आणि विद्यापीठाचे स्वतःचे उत्पन्न या तीन स्रोतांवर उभी राहिली आहेत. प्रत्येक स्रोताच्या अटी वेगळ्या असतात. त्यामुळे कोणती इमारत केव्हा व कोठे उभी राहील हे विद्यापीठाच्या गरजेइतकेच निधीच्या स्वरूपावरही ठरत आले आहे.

== पार्श्वभूमी ==
विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. सर बिपिनकृष्ण बोस हे पहिले कुलगुरू होते. आरंभी सहा महाविद्यालये संलग्न होती व विद्यार्थिसंख्या ९२७ होती. संलग्नता देणे, परीक्षा घेणे आणि पदव्या प्रदान करणे हे मुख्य काम असल्याने सुरुवातीला कार्यालय, ग्रंथालय व दीक्षान्त सभागृह एवढीच जागेची निकड होती. १९२५ मध्ये विद्यापीठाने स्वतःचे विधी महाविद्यालय सुरू केले. पुढे पदव्युत्तर विभाग वाढत गेले, तशी वर्गखोल्या, प्रयोगशाळा व वसतिगृहांची गरज निर्माण झाली. महाराजबागेजवळील जुना परिसर अपुरा पडू लागला आणि विस्तार अमरावती मार्गाच्या दिशेने झाला. तेथील परिसर आज महात्मा ज्योतिबा फुले शैक्षणिक परिसर या नावाने ओळखला जातो.

== लक्ष्मीनारायण यांचे मृत्युपत्र ==
विद्यापीठाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या देणग्यांपैकी एक कामठी येथील रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांची होय. १९३० मध्ये केलेल्या मृत्युपत्राद्वारे त्यांनी सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती उपयोजित विज्ञान व रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी विद्यापीठास दिली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या देणगीतून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली ती १९४२ मध्ये, म्हणजे मृत्युपत्रानंतर बारा वर्षांनी.

विशिष्ट हेतूसाठी दिलेल्या देणगीचे बळ आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी या उदाहरणात दिसतात. हेतू लेखी असल्याने ही रक्कम विद्यापीठाच्या सर्वसाधारण खर्चात विरघळून गेली नाही. त्याच कारणाने ती अन्य विभागांच्या इमारतींकडे वळविताही येत नव्हती. २०२३ मध्ये ही संस्था नागपूर विद्यापीठापासून वेगळी होऊन लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ झाली. देणगी स्वीकारणाऱ्या विद्यापीठाच्या शताब्दी वर्षातच देणगीतून वाढलेली संस्था त्यातून बाहेर पडली, हा योगायोग नोंद घेण्यासारखा आहे.

अलीकडच्या काळातील देणगीचे उदाहरण म्हणजे अमरावती मार्गावरील परिसरातील प्रशासकीय इमारत. बजाज उद्योगसमूहाने तिला आर्थिक साहाय्य केले व तिला जमनालाल बजाज यांचे नाव देण्यात आले. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. शिक्षण हा त्यातील मान्य विषय असल्याने देणगीचा हा मार्ग आता काहीसा संस्थात्मक झाला आहे.

== शासकीय अनुदान ==
स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठांच्या बांधकामांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठबळ मिळाले. आयोगाचे अनुदान पंचवार्षिक योजनांशी जोडलेले असे. मार्च २०१७ मध्ये बारावी योजना संपली आणि पुढे पंचवार्षिक योजनाच बंद झाल्या, तेव्हा हा नियमित स्रोत आटला.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात (रूसा) राज्य विद्यापीठांसाठी निराळी रचना आली. महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा ठरला. पायाभूत सुविधांच्या अनुदानातील ३५ टक्के रक्कम नव्या बांधकामावर, ३५ टक्के नूतनीकरणावर आणि ३० टक्के उपकरणांवर खर्च करण्याचे सूत्र घालून देण्यात आले. नूतनीकरणासाठी स्वतंत्र हिस्सा राखून ठेवणे ही या योजनेतील सर्वांत उपयुक्त तरतूद म्हणता येईल, कारण एरवी दुरुस्तीस दाताही मिळत नाही आणि कोनशिलाही बसत नाही. २०२३ मध्ये रूसाच्या जागी प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियान (पीएम-उषा) आले. २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी त्याची तरतूद १२,९२६.१० कोटी रुपये होती.

== स्वतःचे उत्पन्न ==
परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क आणि ठेवींवरील व्याज हे विद्यापीठाच्या उत्पन्नाचे मुख्य मार्ग आहेत. हे उत्पन्न संलग्न महाविद्यालये व विद्यार्थी यांच्या संख्येवर अवलंबून असते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ आणि २०११ मध्ये गडचिरोली येथील गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांपुरते राहिले. कार्यक्षेत्र घटले, तरी परिसरातील इमारतींची देखभाल मात्र तेवढीच राहिली.

संलग्न महाविद्यालयांच्या इमारती या निधीतून बांधल्या जात नाहीत. सावनेर, खापरखेडा अशा ग्रामीण भागातील विद्यार्थी ज्या महाविद्यालयांत जातात, तेथील बांधकामाची जबाबदारी संबंधित शिक्षणसंस्थेवर असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार अशा महाविद्यालयाच्या विकासाचा सर्वंकष आराखडा महाविद्यालय विकास समिती तयार करते.

== मंजुरीची प्रक्रिया ==
विभागाकडून मागणी आल्यावर अभियांत्रिकी शाखा नकाशे व अंदाजपत्रक तयार करते. अंदाजपत्रकातील दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर आधारलेले असतात. प्रस्ताव वित्त व लेखा समिती आणि व्यवस्थापन परिषदेपुढे जातो. वार्षिक अर्थसंकल्प अधिसभेपुढे मांडला जातो. प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी, ई-निविदा आणि कार्यादेश हे पुढचे टप्पे होत. अनुदानाचा पुढील हप्ता मिळण्यासाठी आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. काम रेंगाळले तर हप्ता थांबतो, आणि हप्ता थांबला की काम आणखी रेंगाळते. दरम्यान दरसूची बदलल्यास सुधारित अंदाजपत्रकासाठी पुन्हा मान्यता घ्यावी लागते.

== साहित्य व नूतनीकरण ==
नागपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या खापरखेडा येथे १,३४० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. जवळच कोराडीचे केंद्र आहे. कोळसा जळाल्यावर उरणाऱ्या राखेच्या वापराबाबत केंद्र शासनाने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. पुढे तिच्यात सुधारणा होत जाऊन २०१६ मध्ये औष्णिक केंद्रांपासून ३०० किलोमीटरच्या परिघातील बांधकामांना राखेपासून बनलेल्या विटा व तत्सम उत्पादने वापरण्याचे बंधन आले. नागपुरातील कोणतेही विद्यापीठीय बांधकाम साहजिकच या परिघात येते.

नूतनीकरणाची कारणे बहुधा साधी असतात: गळणारी छते, जुन्या विद्युत वाहिन्या, अपुरी स्वच्छतागृहे. काळ्या कपाशीच्या जमिनीवरील इमारतींत, माती पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसत असल्याने, भिंतींना तडेही जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने जुन्या सार्वजनिक इमारतीही पाच वर्षांत सुगम्य करण्याची अट घातली. त्यामुळे उतरत्या मार्गिका, उद्वाहक आणि सुयोग्य स्वच्छतागृहे यांचा खर्च नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात धरावा लागतो.