खामगावचा फाटा : लाभाचा हिशेब

आगगाडीचा एखादा फाटा काढला तर त्याचा लाभ मोजावा कसा? बांधणीचा खर्च आणि भाड्याचे उत्पन्न समोरासमोर मांडले की रेल्वेचा जमाखर्च पुरा होतो. पण मुलखाचा जमाखर्च तेवढ्याने पुरा होत नाही. हा भेद ध्यानी घ्यावयास आपल्या जिल्ह्यातील जलंब-खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरांचा फाटा फार उपयोगी आहे.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. परंतु खामगावची नामांकित पेठ तिच्या मार्गापासून बाजूला राहिली. म्हणून सरकारने हा फाटा बांधला व १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो सुरू झाला.

फाट्यामुळे पेठेस बळ आले. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने, अडत, सावकारी, हमाली यांची कमाई रेल्वेच्या वहीत कोठेच दिसत नाही; ती मुलखाच्या वहीत जमा धरली पाहिजे. मात्र त्याच वहीला खर्चाची बाजूही आहे. लमाणांच्या तांड्यांचा वाहतुकीचा धंदा बसला. ज्या रुळांवरून कापूस गेला त्याच रुळांवरून मँचेस्टरचे कापड आले आणि विणकरांचे माग थंडावले. १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्य आणावयास आगगाडी होती, पण ते विकत घ्यावयास मजुराच्या हाती पैसा नव्हता.

आणखी एक सावधगिरी हवी. अमेरिकन अर्थेतिहासकार रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ साली असा प्रश्न मांडला की, रेल्वे नसती तर तोच माल दुसऱ्या साधनांनी नेण्यास किती जादा खर्च आला असता? खामगावची पेठ फाट्याच्या आधीपासून भरत होती आणि जलंबपर्यंत गाड्या जुंपता येत होत्या. तेव्हा पेठेची सारी भरभराट फाट्याच्या नावे मांडणे योग्य नव्हे; वाचलेले भाडे, वाचलेला वेळ आणि त्यातून वाढलेला धंदा एवढेच त्याचे श्रेय.

हा विचार केवळ गतकाळापुरता नाही. निजामाच्या रेल्वेने जालना १९०० च्या सुमारास जोडले गेले. खामगाव ते जालना हा दुवा मात्र अनेक पिढ्यांची मागणी होऊन राहिला आहे. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या गावांना रेल्वेचे स्टेशन नाही. मागणी रास्तच आहे. पण ती मांडताना हिशेब चोख असावा. भाडे कमी झाले म्हणून जमिनीची किंमत वाढली, तर तो एकच लाभ होय. तो दोनदा मोजू नये. मलकापूरचा व्यापार चिखलीस गेला, तर ती जिल्ह्याची नवी कमाई नव्हे. आणि स्टेशनजवळच्या जमिनीचा भाव वाढला, पण शेतकऱ्याच्या सोयाबीनला चार पैसे जास्त मिळाले नाहीत, तर लाभ झाला खरा; तो कोणाला झाला, हे मात्र विचारावेच लागेल.