अंतःपुरात वाढलेले कुत्रे

बुली कुत्ता म्हटले की साखळी आणि झुंजीचे रिंगण डोळ्यांसमोर येते. पंजाब-सिंधकडच्या या दांडग्या जातीचा आजचा लौकिक तोच आहे. त्या मुलखातल्या बलाढ्य कुत्र्यांची कीर्ती मात्र फार जुनी. हेरोडोटस लिहितो, बाबिलोनच्या इराणी सुभेदाराकडे इतके हिंदी कुत्रे होते की त्यांच्या पोषणासाठी चार मोठी गावे लावून दिली होती. त्या गावांना इतर कर माफ होते. इ.स.पू. 326च्या सुमारास राजा सौभूतीने अलेक्झांडरसमोर असे कुत्रे सिंहावर सोडले. पाय कापला जात असतानाही एकाने पकड सोडली नाही, असे ग्रीक वृत्तान्त सांगतात.

या नोंदींवरून आजच्या बुलीची वंशावळ सिद्ध होत नाही. पाळण्याची रीत मात्र कळते. वाल्मीकि रामायणात केकयराज अश्वपती निरोपाच्या वेळी भरताला कुत्रे देतो. ते वाघाच्या बळाचे, पण अंतःपुरात, माणसांच्या सहवासात वाढलेले आहेत. हा तपशील महत्त्वाचा. बळ रक्तातून येते, वळण सहवासातून लागते. भारतात 1960च्या कायद्याने प्राण्यांच्या झुंजी गुन्हा ठरवल्या. पण सहवास कायद्याने देता येत नाही. तो देणे ज्याला जमणार नाही, त्याने हे बळ दाराशी बांधू नये.